धोट्याविना

आण्णा, तुम्ही विचारलंत, दिवसाला मीटर किती निघतं.
मी म्हटलं, तळहाताएवढं.
तेही चार तासांत,
तेही हवा कोरडी असली तर.

विट्याच्या शेडात आपले चार माग,
त्या खडखडाटात तुम्ही
माणसांचं बोलणं ओठांवरून वाचायचात.
इथं मिरजेत माझ्या खोलीत काहीच वाजत नाही.
एक सिरिंज. तिला मुंगीच्या पावलानं ढकलणारा पंप.
सुईच्या टोकाला अठरा हजार व्होल्ट,
आणि वीतभर पुढं फिरणारा ड्रम,
डब्यातल्या चपातीसारखा
चंदेरी कागदात गुंडाळलेला.

थेंब सुईच्या तोंडाशी येतो,
अडखळतो,
मग कुणी चिमटीत धरून ओढावं तसं त्याला टोक फुटतं
आणि टोक सुटतं, पिसाटतं, वेटोळी घेत
बारीक, अजून बारीक,
एका केसाच्या रुंदीत असे दोनशे मावतील इतकं,
मग दिसायचंच थांबतं.
ड्रमवर फक्त पांढरी साय धरते.

बीम नाही, फणी नाही, धोटा नाही.
उभा कुठला, आडवा कुठला, धाग्यालाही ठाऊक नाही.
तुम्ही हा माल दारातूनच परत पाठवला असता.
पेशींना मात्र हाच गुंता चालतो.
त्या येतात, चाचपतात,
एक पाय टाकून बघतात,
पाचव्या दिवशी पसरून बसतात
बाजारात जागा धरल्यासारख्या.

ऑगस्टात सगळं बिघडतं.
कृष्णा फुगते, भिंतींना घाम येतो,
धाग्यात मणी पडतात.
मुल्लाणी मामा खिडक्यांच्या फटीत वर्तमानपत्र कोंबतात,
विचारतात, "आजपण मणीच का, पोरी?"
आजपण मणीच, मामा.

मग त्यात हळदीचं सत्त्व घातलं,
सांगलीच्या पेठेतली हळद, चिमूटभर.
बोटं आठवडाभर पिवळी.
आई म्हणाली, "लागली बाई एकदाची."

आणि तुमचा अंगठा.
मागाखाली पडलेला खिळा पायात गेला
ते तुम्हाला कळलंच नाही,
मोज्यावरचा डाग आईनं पाहिला.
साखर. दीड महिना.
आधी तुम्ही शेडातल्या चिंध्याच बांधत होता,
स्वच्छ आहेत म्हणून, आपल्याच आहेत म्हणून.
आता कुमुद सिस्टर दिवसाआड येतात,
सलाईननं धुतात, गॉज ठेवतात.

"लाव की तुझं ते कापड."
नाही लावता येत, आण्णा.
आठ उंदरांवर झालंय. आता कागद,
मग समिती, मग पुन्हा कागद.
तुम्ही पायाकडं बघत राहिलात.
"उंदरांची भरली?"
सहांची.
"दोघांचं काय झालं?"
मी पाण्याचा तांब्या आत नेऊन ठेवला.

रात्री जेवताना पुन्हा तुम्हीच:
जखम भरल्यावर ते काढतात कसं?
काढत नाहीत. विरतं.
तुमचा घास हातातच राहिला.
चाळीस वर्षं तुम्ही गिऱ्हाइकाला एकच शब्द देत आलात,
धुवा, पिळा, वाळवा, विरणार नाही.
आणि पोरगी विणते ती विरण्यासाठी.
"म्हणजे सेंटरिंग म्हण," तुम्ही म्हणालात,
"स्लॅब धरेपर्यंतचं."
हो. फक्त सुतार लागत नाही उतरवायला.

रविवारी डबीतून एक तुकडा आणला,
वापरून झालेला, कुणाला न लागणारा.
तुम्ही कपाटातून पितळी भिंग काढलं,
ज्यानं तुम्ही इंचातले धागे मोजता.
ट्यूबलाइटखाली धरलंत, डोळा मिटलात, उघडलात.
मोजायला काहीच नव्हतं.
भिंग बाजूला ठेवून
तुम्ही नखानं कडा चाचपलीत, फार हळू,
आणि म्हणालात,
"किनार कच्ची आहे."

सोमवारी मी चिमट्यानं नवा थर उचलला.
तिथूनच फाटला.